चौदा धावांची मॅट

मित्रांनो, मी एक जुनी काथ्याची मॅट आहे. जिथे गवत धरत नाही अशा मैदानावर क्रिकेट खेळायला जी जाडजूड पट्टी अंथरतात, ती मी. बावीस यार्ड माझी लांबी होती. आता हातभर कमी आहे. ती का कमी झाली, हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडलं आहे.

आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. माझ्या अंगाला वास येतो. उंदरांचा येतो, सांडलेल्या रश्श्याचा येतो, गुटख्याच्या पिचकाऱ्यांचा येतो. पण या सगळ्यांपेक्षा एका खोट्या गोष्टीचा वास मला जास्त झोंबतो. बाकीचे वास ऊन दाखवलं की थोडे तरी कमी होतात. हा होत नाही.

तशी मी जन्मले दुर्गंधीतच. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीकाठी चिखलात नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या जाड साली, पुरून ठेवायचे. सहा-आठ महिने ती खाऱ्या पाण्यात कुजायची. बाहेर काढली की असा वास सुटायचा, की वाटेने जाणारा माणूस नाक दाबून पळत सुटे. काथ्या बडवणाऱ्या बायका मात्र त्याच वासात बसून भाकरी खायच्या. लाकडी मोगरीने सोडण बडवायचं, भुसा झटकायचा, सोनेरी धागे उन्हात टाकायचे आणि मग चरख्यावर त्यांना पीळ द्यायचा. ती घाण कष्टाची होती. तिची मला कधीच किळस आली नाही. किळस म्हणजे काय ते मला पुढे माणसांनी शिकवलं.

त्या बायकांत कमळा नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. माझे पट्टे विणून झाले, तेव्हा ते एकमेकांना शिवण्याचं काम तिच्याकडे आलं. हातभर दोरा, बोटभर दाभण आणि खाली घातलेली मान.

"कमळे, टाके लांब घाल गो! दिवस बुडायला आला," बायका ओरडायच्या.

"लांब टाक्यात चेंडू अडकंल, नि शिव्या मला बसतील," ती म्हणायची. चेंडू माझ्यावर नेमका कशासाठी पडणार, हे तिला तेव्हा धड ठाऊकही नव्हतं.

मला न्यायला बैलगाडी घेऊन आनंदा आला. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, क्लबाचं मैदान आहे, त्याचा तो राखणदार. त्याने त्या वर्षी मला नेलं आणि पुढच्या वर्षी कमळेला. ती त्याची बायको झाली. पण ते नंतर.

मित्रांनो, मॅट अंथरणं हे चटई टाकण्याइतकं सोपं काम नसतं. आनंदा आधी जमीन झाडून खड्यान् खडा वेचायचा. मग आठ गडी दोन्ही टोकांना उभे राहून मला ओढायचे. मग माझ्यावर पाणी शिंपडायचं, मला वाळू द्यायचं, की मी आवळून ताठ व्हायचे. पुन्हा ओढायचं आणि मग कडेने फूटभर लांबीचे खिळे ठोकायचे. एखादा गडी कंटाळून "पुरे की आता" म्हणाला, की आनंदा त्याच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मॅट सैल राहिली की चेंडू खोटं बोलतो. फलंदाजाने मग कुणावर भरवसा ठेवायचा?"

त्याच हिवाळ्यात क्लबाला पंचवीस वर्षं झाली म्हणून एक प्रदर्शनीय सामना ठरला, आणि त्यात खेळायला मुंबईहून मुकुंद रेडीज येणार असं कळलं.

तुम्हाला हे नाव माहीत नसेल. मला त्याचं नवल वाटत नाही, वाईट वाटतं. रेडीजचे आजोबा पावस गावाकडचे. तो वाढला मुंबईत, देशासाठी खेळला, आणि त्याच्या फलंदाजीबद्दल बोलताना मोठी माणसं आवाज खाली करायची, देवाबद्दल बोलताना करतात तसा. तो येणार म्हटल्यावर चिपळुणापासून माणसं एस.टी.ने आली. पावसची आली, भाट्याची तर होडीतून उतरून डोंगर चढून आली. मैदानाच्या दगडी गडग्यावर बायका बसल्या. त्यांत कमळा होती. तिला आपण शिवलेल्या मॅटवर काय होतं ते बघायचं होतं.

पण आदल्या संध्याकाळी माझ्या कडेला उभं राहून क्लबाच्या चार मोठ्या माणसांनी जे केलं, तेही मी ऐकलं होतं. सामन्याला पंच होते रावजी मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. त्यांना बाजूला घेऊन ही माणसं म्हणाली, "मास्तर, पाहुणा पन्नासच्या आत जायला नको. एवढा लांबून आलाय. लोकही लांबून येतायत. समजून घ्या."

मास्तरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बघू," म्हणाले. आणि त्यांचं 'बघू' म्हणजे 'हो' होतं.

दुसऱ्या दिवशी रेडीज खेळायला आला. खाडीकडच्या टोकाला त्याने उजव्या बुटाचा चवडा माझ्यावर घासला आणि आपली जागा धरली. इतक्या जणांनी माझ्यावर पाय ठेवले, पण पाय ठेवण्याआधी क्षणभर थांबलेला तो एकच. मग त्याने फटके मारले. फटके कसले, चेंडूला नुसती वाट दाखवल्यासारखं करायचा. तीन चौकार आणि एकदा पळून दोन. चौदा धावा. तिसरा चौकार गडग्यावर कमळेच्या पायाशी आपटला आणि ती दचकून हसली.

समोर गोलंदाज होता काशी. भाट्याचा होडीवाला, अनवाणी धावत यायचा. त्याचा एक चेंडू माझ्यावरून टप्पा घेऊन जरा बाहेर गेला. रेडीजच्या बॅटच्या कडेला तो निसटता लागला. इतका हलका, की गडग्यावर काय, दहा पावलांवरही ऐकू गेलं नसेल. मला ऐकू आलं. यष्टिरक्षकाने चेंडू धरला. काशी हात वर करून ओरडला.

रावजी मास्तरांनी मान हलवली. नाबाद.

अख्ख्या सड्यावर हर्षाचा गलका उठला. लोकांनी टोप्या उडवल्या. आणि त्या गलक्यात मुकुंद रेडीज खाली वाकला, माझ्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाने आत सारला, बॅट काखेत मारली आणि चालू लागला.

गलका थांबायला थोडा वेळ लागला. आधी लोकांना वाटलं, पाणी प्यायला चाललाय. मग कळलं. मग कुणीतरी ओरडलं, "मास्तरांनी नाबाद दिलाय! परत फिरा!" आणि मग ज्या तोंडांनी जयजयकार केला होता, त्याच तोंडांनी काशीला शिव्या घालायला सुरुवात केली. "मेल्या, तुझ्या चेंडूसाठी आलो होतो काय आम्ही?" काशी रडकुंडीला आला. मला त्या दिवशी माणसांची पहिली किळस आली.

रेडीज वाटेत काशीपाशी थांबला. त्याचा हात हातात घेतला. मग मास्तरांपाशी गेला आणि अगदी हळू म्हणाला, "मास्तर, तुमचा लोभ कळला. पण बॅटला लागलेलं हाताला कळतंच हो."

मास्तरांनी नुसती टोपी काढली. पण त्यानंतर वीस वर्षं त्यांनी पंचगिरी केली, आणि सख्ख्या भाच्यालाही पायचीत देताना त्यांचं बोट थरथरलं नाही.

आणि कमळा? तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने आनंदाला विचारलं, "पंच राहा म्हणाला, तरी गेला का तो?"

"बाद होता म्हणून."

"पण कुणाला दिसलं नव्हतं ना?"

"त्याच्या हाताला कळलं होतं."

एवढंच. पण त्या दिवसापासून ती रेडीजची चाहती झाली. पुढे लग्न होऊन ती मैदानाकडेच राहायला आली. दर वर्षी दसऱ्यानंतर माझी डागडुजी करायला बसायची, तेव्हा शेजारच्या घरातून रेडिओवरचं समालोचन ऐकू यायचं. रेडीजने शतक केलं की टाका घालता घालता मान डोलवायची. तो शून्यावर गेला की म्हणायची, "गेला तर गेला. कुणी घालवायची वाट तरी बघत नाय." काथ्याचा सुंभ विकताना एखादा पेड कच्चा असला तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी स्वतः दाखवायची. सासू चिडायची. "तुला कुणी विचारलं होतं काय गो?" त्यावर कमळा म्हणायची, "हाताला कळलं होतं ना."

खाडीकडच्या टोकाला रेडीजच्या बुटाने जिथे माझे धागे विसकटले होते, ती जागा तिने कधी बुजवली नाही. तिच्याभोवती काळ्या दोऱ्याने नुसती गोल शिवण घातली, उसवू नये म्हणून. बाकी अंगभर तिने मला शंभर ठिगळं लावली असतील.

मित्रांनो, त्या वर्षांबद्दल मी तासन् तास बोलू शकेन. पण चांगल्या दिवसांची गोष्ट सांगून वाईट दिवस झाकायचे, हे मला जमणार नाही.

मैदानावर सिमेंटची खेळपट्टी आली. मला गुंडाळून क्लबाच्या मागच्या खोलीत टाकलं. आनंदा होता तोवर महिन्यातून एकदा तरी उन्हात काढायचा. तो गेला, त्याला दहा वर्षं झाली. त्यानंतर मला ऊन दिसलं ते फक्त कुणाला काहीतरी घाण पुसायची असली तरच. लग्नाच्या जेवणावळीत पत्रावळी टाकायला मला अंथरलं. कोंबडीचा रस्सा माझ्यात मुरला, तो कुणी धुतला नाही. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मला उंबऱ्यात रेटलं. रस्त्याकडच्या माझ्या टोकावर एक भटकी कुत्री व्याली. तिचा मला राग नाही. तिने पिल्लांना माझ्यावर चाटून चाटून स्वच्छ तरी केलं. पण माझ्यावर बसून मोबाईल बघणारी, माझ्याच कडेला पचकन थुंकणारी धडधाकट पोरं, त्यांना बघून मला मळमळायचं.

एकदा त्यांचा म्होरक्या अजिंक्य माझ्या गुंडाळीवर बसून म्हणाला होता, "रेडीज? आकडे बघितलेस त्याचे? आजच्या लीगमध्ये त्याला पाणी द्यायलाही कुणी ठेवणार नाय." बाकीचे हसले होते. हे वाक्य लक्षात ठेवा. अजिंक्य आता चाळिशीचा आहे, क्लबाचा अध्यक्ष आहे, आणि त्याला नगरपालिकेची निवडणूक लढवायची आहे.

या वर्षी क्लबाला सत्त्याहत्तर वर्षं झाली. हा काही साजरा करायचा आकडा नाही, पण निवडणुकीचं वर्ष आकडा बघत नाही. अजिंक्यने जाहीर केलं की महान फलंदाज मुकुंद रेडीज यांचा भव्य सत्कार होणार. नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागले. त्यावर अजिंक्यचा फोटो दारभर मोठा, रेडीजचा खिडकीएवढा, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'याच मैदानावर ठोकलेल्या नाबाद एकशे एक धावांचा सुवर्णक्षण!'

एकशे एक.

मला धुवायला म्हणून बाहेर काढलं होतं, तेव्हा मी तो फ्लेक्स पाहिला. माझ्यावर त्या माणसाने किती धावा काढल्या, हे माझ्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? त्या धावांवर सत्त्याऐंशी धावा कुणीतरी वरून चिकटवल्या होत्या. आणि 'नाबाद'! तो माणूस बाद होता म्हणून तर तो मोठा होता. त्याला नाबाद म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावरचा एकुलता एक दागिना ओरबाडून त्या जागी पितळेची साखळी घालणं.

कमळाने फ्लेक्स वाचला तशी ती तरातरा मैदानावर आली. अडुसष्ट वर्षांची झाली आहे, गुडघे दुखतात, पण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नसतं.

"अजिंक्या, तो आकडा कुणी लिवला?"

"आजी, या या. खुर्ची द्या रे आजींना. कुठला आकडा?"

"एकशे एक. चौदा केले होते त्याने. मी गडग्यावर बसले होते. पंचाने राहा म्हटलं, तरी बाद होता म्हणून निघून गेला."

अजिंक्य हसला. "आजी, चौदा कोण फ्लेक्सवर लावतो? लोकांना शतक आवडतं. आणि पुरावा काय? स्कोअरबुक तर वाळवीने खाल्लं."

"वाळवीने कागद खाल्ला. तू काय खातोयस?"

तिथली दोन पोरं फिदीफिदी हसली. अजिंक्य मात्र हसायचा थांबला. "आजी, खुद्द रेडीजसाहेब येणार आहेत. त्यांनाच विचारू. ते हो म्हणाले तर मग?"

कमळाने पाठ फिरवली. ती माझ्यापाशी येऊन बसली. तिची बोटं त्या काळ्या शिवणीवरून फिरत होती, आणि बोटांतून मला तिची भीती कळत होती. मास्तर गेले, काशी गेला, आनंदा गेला. त्या चौदांची आठवण आता तिच्याकडे होती, माझ्याकडे होती आणि एका ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडे. तो म्हातारा हो म्हणाला, तर बावन्न वर्षं जपलेलं सगळं एका शब्दात खोटं ठरणार होतं. म्हातारपणी कुणाला शतक नको असतं?

तेवढ्यात दोन पोरं कोयती घेऊन आली. देणगीदारांना भेट म्हणून 'ऐतिहासिक खेळपट्टीचा तुकडा' फ्रेममध्ये घालून द्यायचा होता. कमळाने "थांबा रे!" म्हणेपर्यंत त्यांनी माझं एक टोक हातभर कापलंसुद्धा. मला दुखलं नाही. मला फक्त शिसारी आली.

कमळाने तो तुकडा हातात घेऊन पाहिला, उलटा केला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

"मेल्यांनो! हे रस्त्याकडचं टोक. रेडीज खेळला तो खाडीकडे. इथे कुत्री व्याली होती! घाला, घाला फ्रेमात. देवघरात लावा म्हणावं."

तरीही त्यांनी त्याचेच छोटे तुकडे करून फ्रेममध्ये घातले. दुसरं टोक कापायचा त्यांना कंटाळा आला.

सत्काराची सकाळ उजाडली. मला अंथरलं म्हणायला अंथरलं. खाली हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा, वर मी. ना कुणी ओढलं, ना पाणी शिंपडलं. खिळ्यांच्या जागी चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. माझ्या पोटाखाली ही एवढाली वळी राहिली. आनंदा असता तर त्याने एकेकाला सड्यावरून खाली ढकललं असतं. फोटोत मागे समुद्र यावा म्हणून स्टंप खाडीकडच्या टोकाला रोवले. बरोबर टोक त्यांनी निवडलं, तेही चुकून.

रेडीज आला. भाचीच्या हाताला धरून, एकेक पाऊल टाकत. सदरा ढगळ झाला होता. हात कापत होता. भाची अजिंक्यला बाजूला घेऊन म्हणाली, "मामांना हल्ली फारसं आठवत नाही. फार प्रश्न विचारू नका."

पण माइकवर निवेदक निहार होता. त्याला गप्प बसण्याचे पैसे कुणी दिले नव्हते. "साहेब! हेच ते मैदान! हीच ती मॅट! नाबाद एकशे एक! आठवतंय ना साहेब?"

रेडीज म्हणाला, "नाही हो. मला काही आठवत नाही."

"बघा, बघा साहेबांची विनम्रता! टाळ्या!"

गर्दीतून कमळा उठली. "साहेब, चौदा! काशीच्या चेंडूवर!" पण तिचा आवाज लाऊडस्पीकरपुढे किती पुरणार? अजिंक्यने माइक झाकून म्हटलं, "आजींना पाणी द्या रे, ऊन लागलंय." लोक हसले. रेडीजने तिच्या दिशेने पाहिलं, मग निहारकडे पाहिलं, आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "एकशे एक? असतील. तुम्ही म्हणताय तर असतील."

कमळा परत बाकावर बसली. पदर तोंडाला लावून, कुणी गेलं की त्या घरच्या दारात बायका बसतात तशी. आणि मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्याचाही वीट आला. वाटलं, गुंडाळा मला आणि टाका खाडीत. जिथे कुजून मी जन्मले तिथेच परत कुजू द्या.

मग कार्यक्रमातला शेवटचा प्रकार आला. साहेब एक चेंडू खेळणार, अजिंक्य टाकणार, आणि त्याचा फोटो प्रचाराला जाणार. रेडीजच्या हातात मोजे चढवले, बॅट दिली. भाची नको नको म्हणत होती. यष्टींमागे अजिंक्यचा एक माणूस फोटोत यायला म्हणून ओणवा उभा राहिला. वर एक उडता कॅमेरा माशीसारखा घोंघावत होता.

रेडीज माझ्यावर चढला. चढण्याआधी क्षणभर थांबला.

मग त्याचा उजवा चवडा माझ्यावर घासत घासत फिरू लागला. अर्धा वीत इकडे, बोटभर तिकडे. आणि काळ्या शिवणीच्या मधोमध, त्या विसकटलेल्या धाग्यांत येऊन थांबला. पाय स्थिर झाला तसा हातसुद्धा कापायचा थांबला. हे कॅमेऱ्याला दिसलं नाही. मला कळलं.

अजिंक्यने हळूच, लाडाने टाकावा तसा चेंडू टाकला. तो माझ्या वळीवर पडला आणि सैल मॅटवर पडतो तसा भलताच उसळला. रेडीजने बॅट मागे घेतली, पण वयाने उशीर केला. चेंडू त्याच्या मोज्याला चाटून मागे गेला, आणि त्या ओणव्या माणसाने घाबरून तो धरला.

"अरे वा! काय सोडलाय साहेबांनी चेंडू!" निहार ओरडला. टाळ्या पडल्या.

मुकुंद रेडीजने खाली वाकायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्याने माझी ती वळी पायानेच जरा सरळ केली. मग बॅट काखेत मारली आणि चालू लागला.

"साहेब, साहेब! नाबाद आहात!" माइकवरून आवाज आला. "अहो, फोटो राहिलाय!" अजिंक्य मागून धावला. "साहेब, अजून एक चेंडू!"

तो थांबला नाही. भाचीचा हातही त्याने धरला नाही. एकेक पाऊल टाकत तो मंडपाच्या कडेला आला, जिथे पहिल्याच बाकावर कमळा बसली होती. तिच्यासमोर उभा राहिला. दम लागला होता.

"लागला होता," तो म्हणाला.

"मला ठाऊक हाय," कमळा म्हणाली. तिने सरकून त्याला बाकावर जागा दिली.

तो बसला. मोजे काढायला लागला, ते त्याला निघेनात, तेव्हा तिने काढून दिले. मग त्याने विचारलं, "किती झाले माझे?"

कमळा म्हणाली, "चौदा."

"पुष्कळ झाले," मुकुंद रेडीज म्हणाला आणि समुद्राकडे बघत बसला.

कमळा नंतर माझ्यापाशी आली तेव्हा डोळे पुसत होती. "सुंभ जळला तरी पीळ जात नाय, असं लोक शिवी म्हणून म्हणतात गो," ती मला म्हणाली. "मी आज तो पीळ डोळ्यांनी बघितला."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी अजिंक्यने सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवलं की रेडीजसाहेबांनी रत्नागिरीत पुन्हा एकदा नाबाद खेळी केली. फ्लेक्स अजून नाक्यावर आहे. त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडतो. अकरा देणगीदारांच्या भिंतींवर कुत्रीच्या बाळंतपणाची जागा काचेत लावलेली आहे, आणि खाली एकशे एकचा आकडा. माझं हसू आता संपलं आहे. नुसती मळमळ उरली आहे.

कमळा मात्र दर शुक्रवारी येते. मला ओढत उन्हात काढते, रश्श्याचे डाग घासते, आणि कापलेल्या टोकाला नवी किनार शिवते. टाके अजून तसेच बारीक आहेत.

मित्रांनो, तुमच्या गावातही कुठल्या तरी मागच्या खोलीत माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. तिला बाहेर काढा. तिच्यावर थुंकू नका, जेवू नका. अंथराल तर आठ जणांनी ओढून, ताणून, खिळे ठोकून अंथरा, म्हणजे चेंडू खोटं बोलणार नाही. आणि ज्या माणसावर तुमचा जीव आहे, त्याला फुगवून मोठं करू नका. तो आहे तेवढा पुरतो.

माझ्यावर चौदा झाले. कुणी विचारलं तर चौदाच सांगा.